अवकाशातील कल्हई

सूर्यास्तानंतर तासाभराने निरभ्र आकाशाकडे पाहत राहिले, की तारकांमधून एखादा ठिपका एका चालीने सरकत जाताना दिसतो. विमानाच्या दिव्यांप्रमाणे तो उघडझाप करीत नाही. तो कृत्रिम उपग्रह होय. त्याला स्वतःचे तेज नसते. आपल्यापुरता मावळलेला सूर्य त्याच्या उंचीवरून अद्याप दिसत असतो आणि ते ऊन त्याच्या अंगावरून व पंखांवरून परावर्तित होऊन आपल्यापर्यंत येते. हे पंख उडण्यासाठी नव्हेत. जिथे हवाच नाही तिथे पंखांचा उडण्याला उपयोग काय? ते आहेत उन्हापासून वीज निर्माण करण्यासाठी. उपग्रहाची सर्व यंत्रे शाबूत असली, इंधनही शिल्लक असले, तरी पंखांतून येणारी वीज आटली की त्याचा आणि एखाद्या फिरत्या धोंड्याचा दर्जा एकच.

याची झळ आपल्या बैठकीच्या खोलीपर्यंत पोचते, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. २००७ च्या मार्च महिन्यात सोडलेल्या आपल्या इन्सॅट-४बी या उपग्रहाच्या दोन सौरपंखांपैकी एकाच्या वीजपुरवठ्यात ७ जुलै २०१० रोजी बिघाड झाला. उपग्रहावरील निम्मे प्रक्षेपक बंद करावे लागले आणि काही दूरचित्रवाणी वाहिन्यांचे प्रक्षेपण विस्कळीत झाले. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर दुरुस्तीसाठी कोणी मिस्त्री पाठवता येत नाही. जे काय टिकायचे ते पाठविण्यापूर्वीच टिकाऊ करून पाठवावे लागते.

आकाशातील पंख ज्या तुकड्यांचे बनतात त्यांना सौरघट म्हणतात. 'सेल' या शब्दास ज्याने प्रथम 'घट' हा प्रतिशब्द योजला, त्याच्या नजरेसमोर जुन्या प्रयोगशाळेतील लेक्लांशे घट असावा. तो खरोखरच द्रावणाने भरलेला काचेचा घट असे. सौरघटाला ना पोट, ना पाणी. तरीही हा शब्द सोडवत नाही, आणि पुढे दिसेल की तो अगदीच निरर्थकही नाही.

व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट बेल प्रयोगशाळेतील चेपिन, फुलर व पीअरसन या तिघांनी १९५४ मध्ये जगापुढे ठेवला. पडलेल्या उन्हाचा शेकडा सहा भाग तो विजेत रूपांतरित करी. चारच वर्षांनी, १७ मार्च १९५८ रोजी, अमेरिकेने व्हॅनगार्ड-१ हा पपनसाएवढा, दीड किलोहूनही थोडा हलका उपग्रह अवकाशात धाडला. त्यात दोन प्रेषक होते. एक साध्या बॅटरीवर चालणारा. तो त्याच वर्षीच्या जून महिन्यात मुका झाला. दुसरा सहा छोट्या सौरपट्ट्यांवर चालणारा. तो १९६४ पर्यंत बोलत राहिला. त्या दिवसापासून अवकाशयान म्हटले की सौरघट हे समीकरण बनले.

आमच्या नववीच्या वर्गात हा भाग सांगत असता एका विद्यार्थ्याने मोठा मार्मिक प्रश्न विचारला. "सर, वर पाऊस नाही, धूळ नाही, गंज नाही, माकडे नाहीत. मग वरची वस्तू बिघडावी कशाने?" प्रश्नातील माकडे आमच्या शाळेच्या छपरावरची असल्यामुळे वर्ग हसला, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. अवकाश म्हणजे काहीच नसलेली स्वच्छ पोकळी, अशीच आपल्यापैकी बहुतेकांची कल्पना असते.

वस्तुतः पृथ्वीजवळच्या कक्षेतून फिरणारा उपग्रह सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा पुरी करतो. म्हणजे आपल्या एका दिवसात त्याचे पंधरा-सोळा दिवस उगवतात आणि तितक्याच रात्री होतात. उन्हात पंख उकळत्या पाण्याच्या आसपास तापू शकतात आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच गोठणबिंदूच्या कितीतरी खाली जातात. हवेचे पांघरूण नसल्यामुळे ही उलथापालथ काही मिनिटांत होते. वर्षाकाठी असे पाच हजारांहून अधिक फेरे. शिवाय वातावरणात गाळली न गेलेली अतिनील किरणे, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात अडकलेले वेगवान इलेक्ट्रॉन व प्रोटॉन, आणि वाळूच्या कणाहून बारीक असले तरी बंदुकीच्या गोळीहून वेगाने येणारे उल्काकण. पाऊस नाही हे खरे; पण पावसाने झाला असता त्याहून मोठा छळ तेथे आहे.

आता पातळ पटलाच्या घटांकडे वळू. नेहमीचा सिलिकॉन घट म्हणजे स्फटिकाची कापलेली चकती. ती साधारणतः मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी जाड असते, ठिसूळ असते, आणि तिला आधार म्हणून खाली ताठ तक्ता व वर संरक्षक काच द्यावी लागते. वजन वाढते. प्रक्षेपणाच्या व्यवहारात वजन म्हणजे पैसा, किंबहुना वजन म्हणजेच सर्व काही. म्हणून शास्त्रज्ञांच्या मनात विचार आला, की चकती कापण्याऐवजी एखाद्या लवचीक पापुद्र्यावर वीज निर्माण करणाऱ्या द्रव्याचा नुसता लेप दिला तर? आपल्या घरांत पितळेच्या पातेल्याला कल्हई करीत, तसा. कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाचा तुकडा फिरवून कापडाने पुसून घेई. कथील लागे नखाएवढे आणि सारे भांडे चकाकू लागे. पातळ पटलाच्या घटातील कामाचा थर असाच एखाद-दोन ते फार तर काही मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस त्याच्या वीस-तीस पट जाड भरेल. असा पंख सतरंजीसारखा गुंडाळून न्यावा आणि वर उलगडावा, हे स्वप्न गेली साठ वर्षे शास्त्रज्ञ पाहत आले आहेत.

कल्हईची उपमा मी सहज घेतलेली नाही. कल्हईचे भांडे कसे निकामी होते हे जुन्या पिढीतील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कथील कमअस्सल म्हणून क्वचितच. बहुधा कोठेतरी पापुद्रा सुटतो, खालचा धातू उघडा पडतो आणि ताक कळकते. दोष लेपात नसतो, लेप व भांडे यांच्या संबंधात असतो. पातळ पटलाच्या सौरघटांचा अवकाशातील इतिहास मी जसजसा वाचत गेलो, तसतशी ही गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास आली. ज्या शत्रूची सर्वांना धास्ती होती त्याने या घटांना फारसे मारले नाही; मारले ते त्यांच्या सांध्यांनी.

धास्ती होती ती किरणोत्साराची, आणि ती निराधार नव्हती. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटाच्या वर सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर अणुस्फोट घडविला. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात अडकून फिरत राहिले, आणि ब्रिटनचा एरिएल-१, अमेरिकेचे ट्रान्झिट-४बी व ट्राक या उपग्रहांचे सौरघट त्यांच्या माऱ्याने झपाट्याने दुबळे झाले. स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी सुप्रसिद्ध टेलस्टार उपग्रह वर गेला. त्याच्या ३६०० सौरघटांना नीलमण्याच्या जातीच्या पारदर्शक स्फटिकाचे कवच होते आणि घटांची रचनाही मारा सोसणारी होती. ते घट तगले. बिघाड झाला तो आज्ञा स्वीकारणाऱ्या मंडलातील ट्रान्झिस्टरांत, आणि १९६३ च्या फेब्रुवारीत टेलस्टार कायमचा थांबला. एकाच घटनेतून दोन धडे मिळाले, पण जगाने त्यातला पहिलाच अधिक लक्षात ठेवला.

किरणोत्साराचा कण स्फटिकात घुसला की अणूंची घडी विस्कटते. उन्हाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन त्या विस्कटलेल्या जागी अडकतात आणि टोकापर्यंत पोचत नाहीत. जाड सिलिकॉनमध्ये त्यांना लांबचा पल्ला गाठायचा असतो. पातळ पटलात वाटच मुळी दोन-चार मायक्रॉनची. गावोगावच्या रस्त्यावरील खड्डे प्रवाशाला जेवढे छळतात तेवढे अंगणातून ओसरीवर येणाऱ्याला छळत नाहीत. म्हणूनच पातळ पटल किरणोत्साराला पुरून उरेल, अशी अपेक्षा आरंभापासून होती.

या अपेक्षेचे पहिले मोठे पात्र म्हणजे कॅडमियम सल्फाइडचा घट. १९५४ मध्येच, म्हणजे सिलिकॉन घटाच्याच वर्षी, अमेरिकन वायुदलाच्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या द्रव्यातील हा गुण दाखवून दिला होता. साठीच्या दशकात क्लीव्हलंड येथील क्लेव्हाइट कंपनी आणि त्याच शहरातील नासाची लुईस प्रयोगशाळा यांनी त्यापासून लवचीक घट बनविण्यावर वर्षानुवर्षे खर्ची घातली. कृती ऐकण्यासारखी आहे. प्लॅस्टिकच्या चिवट पापुद्र्यावर कॅडमियम सल्फाइडची वाफ बसवायची. मग तो तक्ता तांब्याच्या क्षाराच्या गरम द्रावणात काही क्षण बुचकळून काढायचा. पृष्ठभागावरील कॅडमियमची जागा तांबे घेते आणि ताम्र-सल्फाइडचा एक अतिपातळ थर तयार होतो. या दोन थरांच्या संगमावर वीज निर्माण होते. वीज गोळा करण्यासाठी वर सोन्याचा मुलामा दिलेली बारीक तांब्याची जाळी चिकटवायची आणि सर्वांवर पुन्हा पारदर्शक प्लॅस्टिकचे आच्छादन. स्वस्त, हलके, सुरळी होणारे. कार्यक्षमता शेकडा चार-पाचच्या घरात, पण वजन पाहता ती चालण्यासारखी होती.

आणि मग परीक्षा सुरू झाल्या. निर्वात पेटीत ऊन-सावलीचे कृत्रिम फेरे चालू केले, तेव्हा घटांची शक्ती हळूहळू उतरू लागली. प्लॅस्टिक, धातूची जाळी आणि सल्फाइडचे पटल ही तिन्ही एकाच उष्णतेने सारखी प्रसरण पावत नाहीत. प्रत्येक फेऱ्याला जाळी पटलावर किंचित घासे, किंचित उचलली जाई. पुरेसे फेरे झाले की तिचा पटलाशी संबंध जागोजागी तुटे. जाळी सोन्याची पूड मिसळलेल्या विद्युत्‌वाहक चिकटद्रव्याने डकवली तेव्हा घट अधिक तगले, यावरून रोगाचे मूळ कोठे होते ते स्पष्ट झाले. वरच्या आच्छादनाला वापरलेले मायलर अतिनील किरणांनी पिवळे पडे, म्हणून कॅप्टॉन वापरले. पण त्याचा रंग मुळातच पिवळा-तांबूस, त्यामुळे ते काही प्रकाश अडवी.

याहून खोल दुखणे तांब्याचे होते. तांब्याचा अणू स्वभावतः भटक्या. ताम्र-सल्फाइडच्या थरातून तो उष्णतेने सुटून खालच्या कॅडमियम सल्फाइडमध्ये शिरे आणि तेथे प्रवाहाला अडथळा करणारा पट्टा तयार करी. घटावर ऊन पडत आहे परंतु वीज घेतली जात नाही, अशा अवस्थेत तर त्याच्याच दाबाने ताम्र-सल्फाइडचे विघटन होऊन शुद्ध तांब्याचे बारीक तंतू उगवत आणि दोन थरांना आतल्या आत जोडून टाकीत. वीज बाहेर न येता तेथेच जिरे. दमट हवेनेही हे घट खंगत. म्हणजे प्रक्षेपणाची वाट पाहत कोठीत पडून असतानाच त्यांची रया जाण्याचा संभव होता. सत्तरीच्या दशकात नासाने या घटांचा अवकाशासाठी पाठपुरावा सोडून दिला.

त्याच सुमारास फ्रान्सने एक धाडसाचा प्रयोग केला. ४ एप्रिल १९७२ रोजी सोव्हिएत रशियाच्या मोल्निया या दळणवळण उपग्रहासोबत एकाच अग्निबाणावरून एस्रेट-१ हा पंधरा किलोंचा फ्रेंच उपग्रह वर गेला. त्याचे काम एकच. कॅडमियम सल्फाइड व कॅडमियम टेल्युराइड यांच्या पातळ घटांचा, किरणोत्साराच्या पट्ट्यांतून दररोज येजा करताना, कसा व किती ऱ्हास होतो ते मोजायचे. शीतयुद्धाच्या त्या काळात फ्रेंच घटांची परीक्षा रशियन अग्निबाणावर व्हावी, हेही नोंद करण्याजोगे आहे. तथापि त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत बहुसंख्य उपग्रहांचे पंख प्रथम सिलिकॉनचे आणि नंतर गॅलियम आर्सेनाइडचेच राहिले. आज मोठ्या उपग्रहांवर तीन थरांचे जे घट असतात ते उन्हाचा जवळजवळ शेकडा तीस भाग विजेत बदलतात. पण ते महाग असतात व स्फटिकाच्या चकतीवरच वाढवावे लागतात.

मधल्या काळात स्फटिकरहित सिलिकॉनचा पातळ घट आला. आपल्या टेबलावरील उन्हावर चालणाऱ्या गणकयंत्रात असते ती काळसर पट्टी हीच. १९७७ मध्ये स्टेबलर व व्रॉन्स्की यांनी दाखवून दिले, की हे द्रव्य उजेडातच थकते. ऊन खाऊन त्याची वाहकता उतरते आणि तापविले की पूर्ववत होते. उन्हासाठी जन्मलेल्या वस्तूला ऊनच बाधावे, हा दैवदुर्विलास! पण अवकाशात पंख आपोआप तापतात आणि त्यामुळे ही थकावट काही अंशी भरून निघते.

किरणोत्साराविषयीची मूळ अपेक्षा खरी ठरल्याचे उत्तम प्रमाण जपानने दिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी सोडलेल्या एका प्रायोगिक उपग्रहाचे नाव त्यांनी 'त्सुबासा' ठेवले. जपानी भाषेत त्याचा अर्थ 'पंख'. पाचशे किलोमीटरपासून छत्तीस हजार किलोमीटरपर्यंत लांबट कक्षेत फिरत तो किरणोत्साराच्या पट्ट्यांतून हेतुपुरस्सर जात असे. त्यावर तांबे, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांच्या संयुगाचे पातळ घट होते. शेजारी ठेवलेले इतर जातींचे घट उतरत गेले. या घटांचा विद्युत्प्रवाह मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहिला. कणांच्या माऱ्याने झालेली जखम हे द्रव्य साध्या उबेनेही भरून काढते. आणि ही जखम भरण्याच्या कामी तांब्याच्या अणूची भटकी वृत्तीच साहाय्य करते, असे मानले जाते. ज्या दुर्गुणाने एका घटाचा घात केला तोच दुसऱ्याच्या अंगी औषध ठरला. साहित्याच्या अभ्यासकाला असे पात्र कादंबरीत भेटते तेव्हा तो हरखतो. मला ते रसायनशास्त्रात भेटले.

यानंतरची हकिकत आपल्या देशातून सुरू होते. २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी३५ हे प्रक्षेपक निघाले. त्यावर स्कॅटसॅट-१ हा हवामानाचा प्रमुख उपग्रह, मुंबईच्या आय. आय. टी.तील विद्यार्थ्यांनी बनविलेला 'प्रथम', आणि इतर उपग्रहांसमवेत अल्जीरियाचा अलसॅट-१एन हा, तीन छोटे डबे एकावर एक ठेवावेत एवढा, लहानगा उपग्रह होता. त्याच्या अंगावर ब्रिटनमधील स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी बनविलेले चार पातळ घट बसविले होते. द्रव्य कॅडमियम टेल्युराइड. अशाच घटांचे मोठे तक्ते जमिनीवरील सौर प्रकल्पांत आज सर्रास वापरले जातात. नावीन्य असे, की जी संरक्षक काच एरवी वेगळी चिकटवावी लागते, तिच्याच पाठीवर घट वाढविला होता. काचेची जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. चिकटद्रव्य नाही, वेगळा तक्ता नाही.

तीन वर्षे या चार घटांची वार्ता येत राहिली. प्रदक्षिणांचा हिशेब मांडला तर सोळा हजारांच्या आसपास जातो. म्हणजे तितके उन्हाळे आणि तितके हिवाळे. निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांत आनंदाची बातमी पहिली होती. पटल काचेपासून कोठेही सुटले नाही. उन्हाने निर्माण होणारा प्रवाह कमी झाला नाही. सांध्यांचा अडथळाही वाढला नाही. साठीच्या दशकात जाळी उचलली जाण्याचा जो रोग होता त्यावर मात झाली होती.

तरीही चारही घटांची हाती येणारी शक्ती उतरत गेली. संशोधकांनी माग काढला तो सोन्यापर्यंत पोचला. घटाच्या पाठीवर वीज गोळा करण्यासाठी सोन्याचा थर दिला होता. सोने गंजत नाही, हवेने काळवंडत नाही. प्रयोगशाळेत चटकन बनविण्यास सोयीचे. पण दीर्घकाळच्या उष्णतेत सोन्याचे अणू त्या थरातून निघून टेल्युराइडच्या पटलात शिरले, असे अनुमान निघाले. पटल म्हणजे असंख्य सूक्ष्म कणांची फरसबंदी. त्या कणांमधील फटी ही धातूच्या अणूंची आवडती वाट. अशा वाटा वाहक झाल्या, की वीज बाहेरच्या तारेत न जाता आतूनच झिरपते. भांडे फुटलेले नाही, त्यात पाणीही भरपूर पडते आहे, परंतु ते पाझरते आहे. 'घट' हा शब्द निरर्थक नाही असे मी वर म्हटले ते याचसाठी.

तांब्याच्या भटकंतीने १९६० च्या दशकातील घट संपले. जवळजवळ पन्नास वर्षांनी सोन्यासारख्या कुलीन समजल्या जाणाऱ्या धातूने तोच मार्ग धरला. जमिनीवरील कॅडमियम टेल्युराइडच्या तक्त्यांत पाठीचा सांधा सोन्याचा नसतो, अधिक स्थिर रचनेचा असतो. तीच रचना पुढील अवकाशघटांना वापरावी, अशी शिफारस संशोधकांनी केली. मला स्वतःला या प्रयोगाचे मोल फार वाटते. उपग्रह लहान, घट चारच. परंतु अपयश कोठे झाले ते निःसंदिग्धपणे सांगणारी तीन वर्षांची नोंद त्याने मागे ठेवली. मोठमोठ्या मोहिमांच्या वृत्तांतांतून पुष्कळदा हेच हाती लागत नाही.

घट उत्तम असला तरी तो ज्या पापुद्र्यावर बसवायचा त्याचीही वेगळी कथा आहे. काही शे किलोमीटर उंचीवर प्राणवायूचे रेणू अतिनील किरणांनी फुटून सुटे अणू झालेले असतात. उपग्रह सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगाने त्यांच्यावर आदळतो आणि ते प्लॅस्टिक अक्षरशः खात जातात. १९८४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने निरनिराळ्या द्रव्यांचे नमुने जडविलेले एक मोठे पिंप अवकाशात सोडले. वर्षभराने परत आणायचे ठरले होते. पण १९८६ मध्ये चॅलेंजर यानाचा अपघात झाला आणि ते परत आणण्यास १९९० चा जानेवारी उजाडला. पुढच्या तोंडावरील काही पातळ प्लॅस्टिकचे नमुने तोवर पार नाहीसे झालेले होते. लवचीक पंखावर म्हणून काचेसदृश द्रव्याचा आणखी एक अतिपातळ थर द्यावा लागतो. म्हणजे कल्हईवर पुन्हा कल्हई. आणि त्या थरास एक टाचणीएवढे छिद्र राहिले, तरी खालचे प्लॅस्टिक त्यातून पोखरले जाते.

पंखाच्या बांधणीने दगा दिल्याची उदाहरणे पातळ पटलाच्या बाहेरही आहेत. जपानच्या 'मिदोरी' या उपग्रहाचा लवचीक पंख ऑगस्ट १९९६ मधील प्रक्षेपणानंतर वर्ष पुरे होण्याआधीच, ३० जून १९९७ रोजी निकामी झाला. उष्णतेने कमीजास्त होणाऱ्या लांबीचा ताण त्याला सोसवला नाही. त्याचा वारस मिदोरी-२ डिसेंबर २००२ मध्ये गेला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये त्याची सहा किलोवॅट वीज काही मिनिटांत एका किलोवॅटवर आली. संशय गेला पंखातून येणाऱ्या तारांच्या जुडग्यावर. २००७ च्या ऑक्टोबरअखेरीस आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा घडीचा पंख उलगडताना एका तारेत अडकून फाटला, तेव्हा अंतराळवीर स्कॉट पॅराझिन्स्की यांनी यांत्रिक हाताच्या टोकाशी उभे राहून, स्थानकातच तयार केलेल्या पट्ट्यांनी तो शिवला. पंखात वीज खेळत होती, म्हणून त्यांच्या हत्यारांना विद्युत्‌रोधक फीत गुंडाळावी लागली होती. हे भाग्य मात्र फारच थोड्या पंखांच्या वाट्याला येते.

सध्या सर्वांचे डोळे पेरोव्हस्काइट नावाच्या नव्या पटलाकडे लागले आहेत. हे द्रव्य शाईसारखे पसरून लावता येते आणि प्रयोगशाळेत त्याची कार्यक्षमता सिलिकॉनच्या बरोबरीला आली आहे. जमिनीवर त्याला दमटपणा आणि प्राणवायू लगेच बाधतात. अवकाशात दमटपणाचे नाव नाही; तेव्हा इथे नाशवंत ठरलेली वस्तू तिथे चिरंजीव ठरेल काय, असा प्रश्न पुढे आला. २०१९ मध्ये जर्मन संशोधकांनी असे घट स्वीडनमधून एका अग्निबाणावर काही मिनिटांसाठी पाठविले आणि ते तेथे वीज देतात हे पाहिले. नासाच्या व कॅलिफोर्नियातील मर्सेड येथील संशोधकांनी त्याचे एक पटल अवकाश स्थानकाच्या बाहेर दहा महिने उघड्यावर ठेवून २०२१ मध्ये परत आणले. ते बरेचसे शाबूत होते. जो काही पालट झाला होता तोही परत आल्यावर उन्हात ठेवताच ओसरला.

परंतु तो पूर्ण घट नव्हता, नुसते पटल होते. त्याला पाठीचा धातू, वरची जाळी, तारा असे काही जोडलेले नव्हते. पेरोव्हस्काइटमधील काही अणू तर तांब्याहूनही चंचल आहेत, आणि धातूच्या थरांशी त्यांचे सख्य जमिनीवरदेखील अद्याप पुरते जमलेले नाही. ते जमवून, हजारो ऊन-सावलीच्या फेऱ्यांतून नेऊन, वर्षानुवर्षांची नोंद हाती येईपर्यंत हा घट कोणत्याही मोठ्या उपग्रहावर एकट्याच्या भरवशावर चढविला जाईल, असे मला वाटत नाही.